मांडवातल्या गाण्याचा राग धरायचा नसतो

आमच्या पाखाडीत, म्हणजे आळीत, लग्न निघालं की पहिलं आमंत्रण फादरना आणि दुसरं मला. फादरशिवाय लग्न लागत नाही आणि माझ्याशिवाय ते पलीकडच्या राजोडी गावापर्यंत ऐकू जात नाही. बॅण्डमधला मोठा ढोल माझा. लग्नं नसतात तेव्हा मी वाड्यांमधले पंप दुरुस्त करतो. नाव ज्युलियस. पण मास्तरांच्या कोटाच्या बाह्या आतून शिवलेल्या निघाल्या, किंवा पोलीसपाटलाच्या बैलाच्या शिंगांना पायमोजे घातलेले दिसले, तर लोक आधी माझं नाव घेतात आणि मग देवाचं.

या धंद्यात माझा एक भागीदार होता. शेजारच्या उर्सुलावहिनीचा आग्नेल. त्याचा बाप माझा दोस्त, पोरगा लहान असतानाच गेला. माझी रिटाही त्याच सुमारास गेली, आणि आम्हाला मूलबाळ नव्हतं. मधल्या कुंपणात एक फट होती. तिच्यातून आग्नेल सारखा माझ्याकडे. जेवायला माझ्याकडे, मार पडायची वेळ आली की माझ्याकडे, अभ्यास सोडून सगळं माझ्याकडे. एका नाताळात पाखाडीच्या गोठ्यात, म्हणजे बाळ येशूचा देखावा करतात ना त्यात, आम्ही मातीच्या मेंढरांमध्ये जिवंत करडू बांधलं. फादर बक्षीस ठरवायला येईपर्यंत करडानं एका राजाची काथ्याची दाढी खाऊन टाकली. बक्षीस गेलं. आग्नेल गवतात लोळून हसला. त्याचं हसणं अजब होतं. आवाजच बंद व्हायचा, नुसते खांदे हलायचे. ते बघायला मी काहीही करायला तयार असायचो.

मॅट्रिकला दोनदा आपटला आणि पोरगा विरारला जायला लागला. काय करतोस विचारलं तर बोलला, ऑफिसात बसतो. ऑफिस होतं नानूशेठचं.

हा नानूशेठ कोण? तर स्टेशनच्या पूर्वेला नवीन बिल्डिंगा उठत होत्या, त्यांना जमीन लागायची, आणि लोक जमीन द्यायला तयार नसायचे. त्यांना तयार करायचं काम शेठचं. पद्धत अशी साधी की वकिलालाही काही सापडू नये. ज्याची जमीन पाहिजे त्याच्या बांधावर एक पोरगा उभा करायचा. बस्स. पोरगा बोलणार नाही, शिवी देणार नाही, काडीला हात लावणार नाही. सकाळी येणार, संध्याकाळी जाणार. काळा चष्मा, कमरेला सायकलची चेन. पहिल्या दिवशी माणूस विचारतो, काय पाहिजे रे? दुसऱ्या आठवड्यात त्याची बायको विहिरीवर जायची बंद होते. मग एक दिवस तो स्वतःच विरारला जाऊन अंगठा लावतो. आणि एवढ्यानंही जो ऐकत नाही त्याच्यासाठी पुढची पायरी असायची. उभं राहणाऱ्यांमधूनच एकाला निवडून त्या पायरीवर चढवायचं. तिथून परत उतरलेला मी तरी कोणी पाहिला नाही.

आग्नेलला पहिल्यांदा उभा केला तो आमच्याच क्लाराबायच्या वाडीत. मी तिथे पंप खोलून बसलो होतो. पोरगा आला, चष्मा लावून पेरूच्या झाडाखाली उभा राहिला, मला ओळख दाखवली नाही. क्लाराबाय म्हातारी, दारात बसून जपमाळ ओढायला लागली. पण तिच्या कोंबड्याला शेठ कोण ते माहीत नव्हतं. उघड्या मानेचा, गावठी, पायाला हे एवढे काटे. त्यानं एकदा मान वाकडी करून आग्नेलच्या चकचकीत बुटांकडे बघितलं आणि सुटला. आग्नेलनं चेन काढली, कोंबड्यानं उडी मारली, चेन पडली केळीत आणि दादा पेरूवर. कोंबडा खाली येरझाऱ्या घालतोय. चांगला अर्धा दिवस तो वर आणि कोंबडा खाली. शेवटी मीच टोपली घालून कोंबड्याला पकडला.

खाली उतरला, माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आणि त्याचे खांदे हलायला लागले. दोघं पंपाला टेकून किती वेळ हसलो. क्लाराबाय जप विसरून बघत राहिली.

ते शेवटचं. त्यानंतर तो फटीतून आला नाही. शेठनं फटफटी दिली होती, ती घेऊन पुढच्या रस्त्यानं यायचा, आईला खायला आणून द्यायचा, परत जायचा. पावसाळा गेला तशी कुंपणाच्या फटीत घाणेरी वाढली. माझा हात मात्र सुधारत नव्हता. भात दोघांचा शिजायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच शिळा, मीठ-मिरची लावून खायचो. संध्याकाळी ढोलाचं कातडं ताणायचो, सैल करायचो, परत ताणायचो. खोडी काढायची म्हटली तर ती सांगायची कोणाला? एकट्यानं केलेल्या खोडीसारखी रडकी गोष्ट नाही. पोस्टमनच्या पिशवीत मी एकदा खेकडा सोडला. पोस्टमन ओरडला, पळाला, सगळं झालं. मी घरी येऊन दिवा लावला आणि भात टाकला, दोघांचा.

समजवायचं सगळं करून झालं होतं. मी बोललो, तर तो बोलला, काका, तुम्हाला जन्मभर सगळे हसले, मला घाबरतात. फादर बोलले. वहिनी रडली. त्यानं तिला नवीन कुकर आणून दिला. तिनं तो कागदातून बाहेरसुद्धा काढला नाही.

जानेवारीत मी विरारला पंपाचं वायसर आणायला गेलो होतो. शेठच्या ऑफिसाखाली शत्रुघ्नची चहाची टपरी. शत्रुघ्न आमच्या खाडीकडचा, कान लांब आणि तोंड आखूड. त्यानं मला टपरीच्या मागे नेलं. म्हणाला, ज्युलियस, तुमच्या पोराला वर चढवतायत. धोंडूबायचं काम आहे.

धोंडूबाय म्हणजे खाडीच्या काठची म्हातारी, एकटीच. एक शेत, दोन बैल, एक झोपडं, आणि झोपड्याला लागून पेंढ्याची उडवी. तिच्या बांधावर पोरं उभी राहून दमली होती. ती त्यांनाच बोलायची, उभा हायस तर जरा बैलांना पानी दाव. तिचं शेत नाही तर शेठची पूर्ण पट्टी अडलेली. म्हणून ठरलं की होळीच्या संध्याकाळी उडवी पेटवायची. चारी बाजूंना होळ्या पेटलेल्या असतात, ठिणगी उडाली म्हणायला सोपं. उडवी पेटली की झोपडं पेटणार. म्हातारी आत असेल की बाहेर, ते तिचं नशीब. आणि काडी लावणार आग्नेल. शेठ म्हणाला होता, पोरगा हुशार आहे, एकदा हात काळे केले की जन्माचा आपला.

घरी येताना वायसर टपरीवरच विसरलो.

होळी आमच्या उपवासकाळात येते. राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवस आमच्याकडे लग्न नाही, बॅण्ड नाही, गाणं नाही. म्हणजे माझ्या हातात जे काही होतं ते राखेच्या बुधवारच्या आत. पोलिसांत जाऊ? शेठचा चहा तिथेच जायचा. आग्नेलला बांधून ठेवू? तो माझ्यापेक्षा डोकंभर उंच. मी विचार केला, ज्युल्या, तुला येतं काय? खोडी येते आणि ढोल येतो.

मग डोक्यात आलं. शेठ विकतो काय? जमीन नाही. भीती विकतो. त्याच्या पोरांमध्ये चोर चालतो, दारुडा चालतो, एखादा भित्राही खपून जातो. पण ज्याला बघून लोक हसतात तो पोरगा त्याच्या काय कामाचा? बांधावर उभा केला आणि शेतकरी हसला, तर सगळं दुकान बसलं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका जमतात, लसूण सोलतात, कांदे चिरतात, आणि गाणी म्हणतात. त्यात कोणालाही सोडत नाहीत. नवरदेवाचं नाक, मामाची दारू, व्याह्याचा कंजूषपणा, अगदी फादरची सायकल. आणि नियम असा की मांडवातल्या गाण्याचा राग धरायचा नसतो. ज्याच्यावर गाणं असेल त्यानं हसायचं आणि बायकांना एक एक पेला पाजायचा. चिडला तो संपला, त्याच्यावर पुढच्या लग्नात चार कडवी वाढतात. एका मांडवात जमलेलं गाणं पुढच्या रविवारी दुसऱ्या पाखाडीत जातं. खाडीकडच्या बाया पण उचलतात, हळदीला म्हणतात. रेडिओला जमत नाही ते आमच्या बायकांना जमतं.

मी दोन रात्री बसून गाणं केलं आणि आमच्याच पाखाडीतल्या फ्लॉसीच्या लग्नाच्या मांडवात अँजेलिनामावशीला नेऊन दिलं. मावशी सगळ्या बायकांची पुढारी. आवाज असा की कौलावरची मांजर उतरते.

"विरारवरून दादा आला, चष्मा काळा काळा गो,
क्लाराबायच्या कोंबड्यानं पेरूवर पळवला गो.
खिशात सुरा, कमरेला सायकलची चेन गो,
कोंबडा बोलला, ये ना खाली, दादा बोलला, येईन गो."

मावशी हसली, मग थांबली. तिनं मांडवाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे उर्सुलावहिनी लसूण सोलत होती.

मावशी मला हळूच बोलली, "विधवेचा एकुलता एक पोर आहे रे. आई समोर बसलेली असताना मी तोंड उघडणार नाही. तिनं स्वतः सूर धरला तर बघू."

हेही बरोबरच होतं. घरची बाई मांडवात असेल तर तिच्याशिवाय गाणं उचलत नाहीत, नाहीतर जन्माची भांडणं. मी वहिनीजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. शेठ, होळी, धोंडूबायची उडवी, काडी. मग गाणं कानात म्हणून दाखवलं. ती लसूण सोलतच होती. मला वाटलं आता माझ्या तोंडावर सालं फेकते.

"एवढ्यानं नाही होणार," ती बोलली. "कोंबड्याला कोणीही घाबरतो."

मी विचारलं, मग?

तिनं ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं. मला ऐकवलं नाही.

संध्याकाळी मांडव भरला. नानूशेठ आला. तो सगळ्यांच्या लग्नाला यायचा, पाकीट द्यायचा, पुढच्या खुर्चीवर बसायचा, म्हणजे लोकांना कळावं. मागे त्याची पोरं, त्यांच्यात आग्नेल, हाताची घडी घालून. मावशीनं नवरदेवाचं नाक घेतलं, मामाची दारू घेतली, आणि मग उर्सुलावहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली. मी ढोलावर हळूच ताल धरला.

पहिल्या कडव्याला लोक गोंधळले. दुसऱ्याला क्लाराबाय ओरडली की माझाच कोंबडा तो, अजून जिवंत आहे. मग मांडव फुटला. माणसं खुर्च्यांवरून वाकून मागे बघायला लागली. आग्नेल हसायचा प्रयत्न करत होता. त्याला रीत माहीत होती, हसला असता तर गाणं तिथेच मेलं असतं. त्यानं ओठ ताणलेसुद्धा. तेवढ्यात त्याची आई उभी राहिली. हातात लसणाची परडी तशीच.

"रातच्याला दादा निजतो कसा, उशाशी लागतो दिवा गो,
वाऱ्यानं दिवा विझला जर का, आईचा पदर हवा गो."

हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. कोंबड्याचं गाणं मी केलं होतं, पण हे कडवं कोणी केलेलं नव्हतं. हे खरं होतं, आणि ते मांडवातल्या प्रत्येकाला आग्नेलच्या तोंडावर वाचता आलं.

शेठ रागावला असता तर आग्नेलची इज्जत वाचली असती. शेठ हसला. रुमाल काढून डोळे पुसत हसला. मागे वळून काहीतरी बोलला, आणि त्याची पोरंही हसली. आग्नेलनं हाताची घडी सोडली, ते हात आता कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मग तो मांडवातून निघून गेला. वहिनी खाली बसली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मी ताल चालू ठेवला. ढोलवाल्याला थांबता येत नाही.

पुढचं मला काही करावं लागलं नाही. राखेच्या बुधवारपर्यंत जितकी लग्नं होती तितक्या मांडवांत गाणं फिरलं. मधल्या एका लग्नात ते खाडीपार गेलं. आगाशीच्या बाजारात कोळणी म्हणायला लागल्या. आग्नेलला कुठल्याशा बांधावर उभा केला तर शाळेतली पोरं रस्त्यावरून कोंबड्यासारखी आरवत गेली, आणि ज्याची जमीन होती तो माणूस त्याला येऊन म्हणाला, बाबा, संध्याकाळ व्हायच्या आत घरी जा. शेठनं विचारणा केली की गाणं कोणी रचलं. बायकांनी सांगितलं, आमच्या आजीच्या वेळचं आहे. शत्रुघ्ननं मला निरोप दिला, पोराला ऑफिसात यायचं बंद केलं, फटफटी काढून घेतली. शेठचे शब्द असे की लोकांना हसवायला मला सर्कस काढायची नाही.

झालं. माझं काम फत्ते. आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी, एकही पोलीस न लागता. मी त्या दिवशी मटण आणलं. दोघांचा भात शिजवला आणि या वेळी मुद्दाम शिजवला. कोयता घेऊन कुंपणातली घाणेरीही तोडली.

आग्नेल तिसऱ्या दिवशी आला. फटीतून नाही, पुढच्या दारानं, पाहुण्यासारखा. बसला नाही. मी बस म्हटलं, मटणाचा रस्सा रोज गरम करून ठेवलाय म्हटलं. तो म्हणाला, फ्रेडरिकमामानं पुण्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लावून दिलंय, उद्या निघतो.

मी म्हटलं, बेस झालं. आणि मग नेहमीच्या सवयीनं काहीतरी विनोद केला, पुण्याला कोंबडे कमी असतात, असं काहीतरी.

तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही मला सोडवलंत ते मला कळतं. मी मूर्ख नाही. शत्रुघ्ननं सगळं सांगितलं."

"मग?"

"ती पेरूची गोष्ट आपल्या दोघांची होती."

मी रश्श्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं.

"आईचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "ती आई आहे. पण गावात मला एकच घर होतं जिथे हसले तरी लागत नव्हतं." मग त्यानं माझ्या पाया पडल्यासारखं केलं, अर्धवट, आणि गेला.

मी चूक केली असं मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच गाणं करीन, आणि आणखी दोन कडवी घालीन. धोंडूबायच्या झोपड्याला त्यानं काडी लावली असती तर तो कुठे असता? पण बरोबर केलं म्हणून रस्सा गोड लागत नाही. तो मी कुत्र्याला घातला.

मग राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घरी आलो, ढोलावर जुनी चादर घातली. चाळीस दिवस आमचं गाव असं असतं की केळीचं पान फाटलं तर ऐकू येतं. उर्सुलावहिनी अंगण झाडायची, मी माझं झाडायचो. पूर्वी आम्ही कुंपणावरून बोलायचो, बोलायचं म्हणजे आग्नेलबद्दलच. आता तोच विषय काढायला दोघांना जड जायचं. तिला पुण्याहून पत्र आलं की ती सांगायची, बरा आहे. मी म्हणायचो, बरं आहे. मग दोघांचे झाडू चालू.

होळीला चार-पाच दिवस असतील, धोंडूबाय माझ्या दारात. खाडीपासून चालत आलेली, घामानं भिजलेली. पाणी दिलं. पिऊन म्हणाली, "तुझ्या गान्यानं एक गेला रं, दुसरा आला."

कोण आला? विचारलं तर तिला माहीत नाही. फुलपाड्याकडचा आहे, एवढं कोणीतरी सांगितलेलं. ती म्हणाली, पोरगा दिसभर उन्हात उभा, पानी दिलं तर घेत नाय, बैलांना दाव म्हटलं तर हलत नाय. माझ्या उडवीकडेच बघत असतो. तिला पेंढा दुसरीकडे ने म्हणालो. ती म्हणाली, कुठं नेऊ, आनि कोन नेल, आनि झोपडं पन नेऊ काय डोक्यावर?

मी गेलो. सोपं वाटलं होतं मला. एकदा जमलंय, दुसऱ्यांदा जमेल. पोराची चौकशी करायची, काहीतरी गमतीचं शोधायचं, उपवासकाळ संपला की गाणं. निदान खाडीकडच्या बाया तर आत्ताही म्हणतील, त्यांना कुठे उपवासकाळ.

पोरगा आग्नेलपेक्षाही लहान. चष्मा त्याच्या नाकावर ठरत नव्हता. मी त्याच्या बाजूला बांधावर बसलो, दोन विनोद केले. तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही. संध्याकाळी मी फुलपाड्याला गेलो. नवीन चाळी, ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीपुढे वेगळ्या मुलखाची माणसं. ह्याला ओळखता का, असा असा पोरगा? एकानं सांगितलं, त्या टोकाला कोणाकडे तरी भाड्यानं असतो. टोकाच्या खोलीतली बाई म्हणाली, आधी असायचा, आता माहीत नाही. कुठल्या गावचा? माहीत नाही. आईबाप? कोणाला माहीत.

मी तिथे गल्लीत उभा राहिलो. एवढी माणसं, एवढे स्टोव्ह पेटलेले, आणि त्या पोराबद्दल हसण्यासारखी एक गोष्ट कोणाकडे नव्हती. तो कशाला घाबरतो ते माहीत असलेली एक बाई नव्हती. गाणं करायला आधी माणूस कोणाचा तरी असायला लागतो. शेठ या वेळी बरोबर बघून घेऊन आला होता.

मग मी खोडीबिडी डोक्यातून काढली. रोज सकाळी पंपाची पिशवी घेऊन जायचो आणि त्याच्या बाजूला बसायचो. तो उभा, मी बसलेला. दुपारी डबा उघडायचो, अर्धा त्याच्या पायाशी ठेवायचो. पहिल्या दिवशी मुंग्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी मी बैलांना पाणी दाखवायला गेलो आणि परत आलो तर डबा रिकामा, धुतलेला.

होळीच्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरलं तरी मी उठलो नाही. धोंडूबाय झोपड्यात चुलीशी होती. तिनं पुरणपोळी केली होती, वास येत होता. खाडीपलीकडे पहिली होळी पेटली, मग आगाशीकडे एक, मग आणखी एक. बोंबा ऐकू यायला लागल्या. पोराचा हात खिशात होता आणि खिशात काड्यांची पेटी वाजत होती.

पहिल्यांदा तो बोलला. आवाज अगदी बारीक. "काका, तुम्ही घरी जा."

"घरी कोण आहे?" मी म्हटलं.

यात काही विनोद नव्हता. त्यानं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते, दिवसभराच्या उन्हानं असतील.

"रोज का येता?"

"तुझ्यासाठी येतो असं म्हणालो तर खोटं होईल," मी म्हटलं. "म्हातारीच्या पेंढ्यासाठी येत होतो. आता सवय झाली. तू नसलास तर उद्या मी कुठे जाऊ, तेच बघतोय."

त्यानं होळ्यांकडे तोंड फिरवलं. मग रस्त्यावर फटफटी आली. दिवा बंद, इंजिन चालू. कोणीतरी हॉर्न दिला, एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा. पोरगा ताठ झाला. त्यानं उडवीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मी त्याचा हात धरला नाही. धरला असता तर हिसकावून गेला असता, एवढं मला कळतं.

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, लांबलचक. धोंडूबाय झोपड्यातून ओरडली, कोन मेला बोंबलतोय, पोळ्या थंड होतायत, या दोघं.

पोरगा खाली बसला. माझ्या बाजूला, बांधावरच. बांध अरुंद होता, दोघं नीट मावत नव्हतो, त्याला एक पाय शेतात ठेवायला लागला. फटफटी थोडा वेळ तशीच धडधडत राहिली, मग दिवा लावून विरारच्या दिशेनं गेली.

"ते उद्या येतील," तो म्हणाला.

येतील, मी म्हटलं. मग त्याला नाव विचारलं.